बावन्न दिवसांचं तेल

टाकीमास्तरांना बोलता येत नव्हतं असं नाही. फक्त बोलायचं ते त्यांना वेळ टळून गेल्यावर सुचायचं. कुणी टोमणा मारला की त्याचं झणझणीत उत्तर दोन दिवसांनी आंघोळ करताना आठवायचं, आणि मग अंगाला साबण चोळत ते उत्तर नळाला ऐकवायचे. बायको बाहेरून विचारायची, "अहो, आत कोण आहे?"

माणूस तेलाच्या डेपोत नोकरीला. बंदराला लागून अकरा टाक्या उभ्या होत्या. देशाला लागणारं तेल बाहेरून जहाजाने यायचं आणि सगळंच्या सगळं आधी या अकरा टाक्यांत उतरायचं. टाकीत किती तेल आहे हे मोजणं एवढंच टाकीमास्तरांचं काम. रोज सकाळी टाकीच्या अंगाने गोल चढत जाणाऱ्या लोखंडी जिन्याने वर जायचं, वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं म्हणजे वाफ तोंडावर येत नाही, झाकण उघडायचं आणि पितळी वजन लावलेली पोलादी फीत आत सोडायची. वजन तळाला टेकलं की ते डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतं. मग फीत वर ओढायची आणि ती कुठवर ओली झाली ते वाचायचं. वजनाला एक मलम फासलेलं असतं. तळाशी पाणी साचलं असेल तर मलम तेवढ्यापुरतं लाल होतं. तेवढं पाणी वजा करायचं.

पण खरी मेख पुढे आहे. तेल बाहेर काढायची नळी टाकीच्या तळाला नसते, माणसाच्या कमरेइतकी वर असते. तिच्याखालचं तेल टाकीत असतं, कागदावरही असतं, पण ते काही केल्या बाहेर येत नाही. त्याला डेपोत नुसतं 'तळ' म्हणायचे. तळ वजा केला नाही तर आकडा फुगलेला येतो, आणि नवखा मोजणारा हमखास इथेच फसतो. टाकीमास्तर सत्तावीस वर्षांत एकदाही फसले नव्हते. टाक्यांना मोजणारी यंत्रं बसवली होती, नाही असं नाही. पण यंत्राच्या आणि टाकीमास्तरांच्या आकड्यात फरक पडला की साहेब यंत्रवाल्याला बोलावून घ्यायचे.

तर असा हा माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. दुखणं एकच, आणि त्या दुखण्याचं नाव साडू.

साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. उंच, आवाज भरदार, केस पिकले तेही बेट्याचे शोभून दिसतील असे. घरात शिरले की खोली त्यांचीच व्हायची. बरं, माणूस वाईट असता तर काम सोपं होतं; टाकीमास्तरांनी मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण प्राध्यापक दिलदार होते. आजारपणात धावून यायचे, लेकीला पुस्तकं आणून द्यायचे, टाकीमास्तरांना चार लोकांत खांद्यावर हात टाकून पुढे करायचे. तो हात टाकीमास्तरांच्या खांद्याला दिवसभर जाणवायचा.

त्या वर्षी तेल विकणाऱ्या देशाने हात आखडता घेतला. जहाजं उशिरा येऊ लागली, भाव चढले, आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी सहा माणसं सहा चौकटींत बसून राष्ट्रीय ऊर्जा धोरणावर एकमेकांना बोलू देईनाशी झाली. कुणी म्हणे नवे करार करा, कुणी म्हणे गाड्या विजेवर घाला, कुणी म्हणे आपल्याच समुद्रात खणा. त्या सहांत एक चौकट प्राध्यापकांची. आणि खरं सांगायचं तर त्या गोंधळात ऐकावंसं वाटेल असं तेच एकटे बोलायचे.

"आपण परक्याच्या ओंजळीने पाणी पितोय," प्राध्यापक टीव्हीवर सांगत होते. "ओंजळ मिटली की संपलं."

"अन् हा कुणाच्या ओंजळीने पितोय?" टाकीमास्तर टीव्हीला म्हणाले.

कारण चर्चेला जायच्या आधी प्राध्यापकांचा फोन यायचा तो टाकीमास्तरांना. "मास्तर, आज किती दिवसांचं आहे?" टाकीमास्तर आकडा सांगायचे. आकडा गुपित नव्हता. महिनाअखेरीला डेपो तो जाहीरच करायचा. पण आजचा, ताजा, तळ वजा केलेला आकडा मिळवायचा तर टाकीवर चढावं लागतं, आणि प्राध्यापकांना तर दोन जिने चढले तरी धाप लागायची. रात्री तोच आकडा पडद्यावरून यायचा, आणि प्राध्यापक म्हणायचे, "डेपोतल्या एका जाणकार माणसाने मला सांगितलं..."

एका! सत्तावीस वर्षं उन्हात तापलेला कठडा धरून चढायचं, तेलाचा वास आंघोळीनेही जात नाही म्हणून लग्नकार्यात कडेला बसायचं, आणि शेवटी व्हायचं काय, तर 'एक जाणकार माणूस'. टाकीमास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातून बायको टीव्हीसमोर बसून म्हणायची, "भावोजी किती छान समजावून सांगतात, नाही?"

"उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं?"

"तुम्ही हाका की मग. कोण नको म्हणतंय?" बायको म्हणायची, आणि तिचंही चुकत नव्हतं.

हे सगळं टाकीमास्तरांनी गिळलं होतं. बायको कौतुक करते, करू दे. जग टाळ्या वाजवतं, वाजवू दे. पण लेक होती. एकुलती एक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वक्तृत्वात कॉलेजचं नाव काढणारी. आपल्याला जे जन्मात जमलं नाही ते हिला जमतं, याचं टाकीमास्तरांना इतकं अप्रूप होतं की ती आरशासमोर भाषण पाठ करायची तेव्हा ते दाराआड उभे राहून ऐकायचे. या एका ठिकाणी तरी आपला पहिला हक्क आहे असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी लेक नाचतच घरी आली. आंतरकॉलेज वादविवाद स्पर्धेला तिची निवड झाली होती. जिंकली तर राजधानीत अंतिम फेरी. आणि विषय? 'परदेशी तेलाची धास्ती घेण्याचं कारण नाही.' हिला बोलायचं होतं विषयाच्या बाजूने.

टाकीमास्तरांच्या हातातला कप तसाच राहिला. तेल! जगातले सगळे विषय सोडून नेमकं तेल. त्यांना वाटलं, आता ही जवळ येऊन बसेल आणि म्हणेल, बाबा, सांगा. सांगण्यासारखं त्यांच्यापाशी इतकं होतं की कुठून सुरुवात करावी याचाच ते विचार करू लागले.

"मी काकांकडे जाऊन येते," लेक म्हणाली. "मुद्दे काढायचेत."

"तेलाबद्दल आहे ना?" टाकीमास्तर म्हणाले.

"हो, पण धोरणाबद्दल आहे, बाबा. तुमचं ते..." ती थांबली, योग्य शब्द शोधत राहिली, आणि न सापडल्यामुळे हसली. "तुमचं वेगळं. आलेच मी."

ती गेली. टाकीमास्तरांनी कप खाली ठेवला. वेगळं म्हणजे काय, हे त्यांना पुढचे चार दिवस सुटलं नाही. लेक रोज कॉलेजातून परस्पर मावशीकडे जायची, आणि येताना वहीत प्राध्यापकांच्या अक्षरातले कागद घेऊन यायची. जेवताना 'काका म्हणाले', हात धुताना 'काका म्हणाले'. टाकीमास्तरांना हेवा वाटत होता, सरळ, उघडा, लहान पोराला वाटतो तसला हेवा. आणि या वयात तसं वाटतंय याची लाज वाटून तो आणखी चढत होता.

पाचव्या दिवशी फोन वाजला.

"मास्तर, आज मोठी चर्चा आहे. मंत्रालयाचा माणूसही आहे. आज टाक्यांत किती दिवसांचं?"

टाकीमास्तर तेव्हा डेपोतल्या आपल्या टेबलाशी होते. समोर सकाळची मोजणी होती. वरच्या ओळीत टाकीतलं सगळं तेल: बावन्न दिवसांचं. खालच्या ओळीत तळ वजा करून: त्रेचाळीस.

"आणि तुमची लेक काय हुशार आहे हो!" प्राध्यापक पलीकडून म्हणाले. "मी तर तिला म्हटलं, तू माझीच शिष्या."

"बावन्न," टाकीमास्तर म्हणाले.

"बावन्न? वा! मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं आहे. तळ जाऊन ना?"

हे विचारायला टाकीमास्तरांनीच त्यांना कधीतरी शिकवलं होतं.

"तळ जाऊन," टाकीमास्तर म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना दिवसभर इतकं हलकं वाटलं की बरोबरच्या लोकांना त्यांनी चहा पाजला. हिशेब सोपा होता. मंत्रालयाचा माणूस समोर असणार. तो म्हणेल, काय बोलताय साहेब, आकडा चुकलाय. आणि भर चर्चेत त्या भरदार आवाजाचं पाणी पाणी होईल. एवढंच हवं होतं त्यांना. एकदाच.

संध्याकाळी ते टीव्हीसमोर बायकोच्याही आधी जाऊन बसले.

"दूरच्या देशाकडून तेल मागवलं तर जहाजाला इथवर यायला पंचेचाळीस दिवस लागतात," प्राध्यापक म्हणत होते. "आणि आपल्याकडे आज बावन्न दिवसांचं तेल आहे. म्हणजे एकाने दार लावलं तर दुसऱ्याचं उघडेपर्यंत आपण उपाशी मरत नाही. उलट सात दिवस हाताशी राहतात. तेव्हा घाबरून, वाटेल त्या अटींवर, कुणाशी करार करू नका."

टाकीमास्तर पुढे सरकून बसले. मंत्रालयाच्या माणसाने चष्मा सारखा केला. आणि म्हणाला, "प्राध्यापकांचा मुद्दा अगदी रास्त आहे."

झालं! दुसऱ्या दिवशी बावन्नचा आकडा वर्तमानपत्रात आला, तिसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात आला. बसमध्ये एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "बावन्न दिवस, काळजी नाही." चुकीचा आकडासुद्धा त्या माणसाच्या तोंडी शोभून दिसला! टाकीमास्तरांचा असा जळफळाट झाला की त्या आठवड्यात बायकोशीही ते नीट बोलले नाहीत. आपण देशाला नऊ दिवसांचं नसलेलं तेल वाटलंय, हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पण महिनाअखेरीला खरा आकडा जाहीर होईलच, तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी ते झटकलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी लेक कागद घेऊन त्यांच्यासमोर आली. "बाबा, एकदा ऐकता का? सात मिनिटंच आहे."

कागदावर वरपासून खालपर्यंत प्राध्यापकांचं वळणदार अक्षर होतं.

"काकांनी ऐकलं ना?" टाकीमास्तर म्हणाले. "मग झालं तर."

ती क्षणभर उभी राहिली. मग कागदांची घडी करून निघून गेली. ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हेवा माणसाचे आधी कान बंद करतो.

स्पर्धा दुपारी होती. कॉलेजच्या सभागृहात पंखे कुरकुरत होते आणि लाकडी खुर्च्या एकमेकींना पट्ट्यांनी जोडलेल्या होत्या, एकजण हलला की रांगच हलायची. प्राध्यापकांनी दुसऱ्या रांगेत जागा धरून ठेवली होती. "मास्तर, तुम्ही कडेला बसा. तिथून ती नीट दिसेल," असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्चीही देऊन टाकली. बायको आणि तिची बहीण पलीकडे बसल्या. परीक्षक तिघं. मधले गृहस्थ पाहून टाकीमास्तर चपापले. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले डेपोचे मोठे साहेब होते ते. फीत कशी धरायची हे टाकीमास्तरांना त्यांनीच शिकवलेलं.

लेक उभी राहिली. पहिल्याच वाक्याला सभागृह गप्प झालं. टाकीमास्तर बघत होते ती कुणाकडे बघून बोलते. पहिली दोन मिनिटं ती प्राध्यापकांकडे बघत होती, निदान त्यांना तसं वाटलं. आणि मग ती म्हणाली, "दूरच्या देशाहून जहाज यायला पंचेचाळीस दिवस लागतात."

टाकीमास्तरांनी चटकन प्राध्यापकांकडे पाहिलं.

"आणि आपल्याकडे बावन्न दिवसांचं तेल आहे. हा आकडा तुम्ही टीव्हीवर ऐकला असेल. तिथे म्हणतात, एका जाणकार माणसाने सांगितलं. मी काकांना विचारलं, हा जाणकार कोण? ते म्हणाले, अगं, तुझे बाबा. नोकरीतल्या माणसाचं नाव टीव्हीवर घेतलं तर त्याला वरून त्रास होतो, म्हणून मला घेता येत नाही. पण तू मुलगी आहेस, तू घे." लेक परीक्षकांकडे वळली. "माझे वडील सत्तावीस वर्षं रोज टाकीवर चढून हे तेल मोजतात. या देशात ऊर्जा धोरणावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण फीत तळाला टेकल्याचं ज्यांच्या हाताला कळतं, ते माझे बाबा आहेत. म्हणून मी हा आकडा छातीठोकपणे सांगते."

टाळ्या पडल्या. पलीकडून बायकोने डोळ्यांना पदर लावला. प्राध्यापकांनी टाकीमास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघा!" टाकीमास्तर समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसले होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते होत होतं, आणि ते आता थांबावं म्हणून ते तळमळत होते.

प्रश्नांची वेळ झाली. मोठ्या साहेबांनी माइक ओढला.

"मुली, हे बावन्न तळ वजा करून की तळासकट?"

"वजा करून, सर. बाबा तळ वजा केल्याशिवाय आकडा सांगतच नाहीत."

"ते मला ठाऊक आहे," साहेब हसले. "पण सध्या जहाजं उशिरा येतायत. मला बावन्न जरा जास्त वाटतात. ते इथे आलेत का?"

"आलेत," लेक म्हणाली, आणि तिने बोट दाखवलं. "विचारा ना त्यांना." तिच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

टाकीमास्तर उभे राहिले तशी सगळी रांग हलली.

"काय हो? बावन्न?" साहेबांनी विचारलं.

'हो' म्हटलं असतं तर तिथे पडताळणारं कुणी नव्हतं. लेक जिंकली असती. पण ज्याने फीत धरायला शिकवलं त्याच्यासमोर खोटा आकडा बोलायला जीभ वळेना.

"त्रेचाळीस," ते म्हणाले. "तळ वजा करायचा राहिला. विसरलो."

कुणीतरी हसलं. साहेबही मान हलवत म्हणाले, "चालायचंच. वय झालं आपलं." सभागृहाला ती गंमत वाटली. व्यासपीठावर लेक मात्र हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली, आणि टाकीमास्तरांनी नजर खाली घातली.

"त्रेचाळीस असतील तर जहाज येण्याआधी दोन दिवस टाक्या कोरड्या पडतात," ती हळू म्हणाली. "मग माझा मुद्दा उभा राहत नाही. मी तो मागे घेते." आणि प्रश्नांची दोन मिनिटं शिल्लक असताना खाली बसली. राजधानीला समोरच्या बाजूचा मुलगा गेला.

बाहेर आल्यावर प्राध्यापक टाकीमास्तरांना म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी पडताळून घ्यायला हवं होतं. उद्या चर्चेत सांगून टाकतो, आकडा माझ्याकडून चुकला. तुमचं नाव येणार नाही." खांद्यावर पुन्हा तो हात. आणि सांगायला वाईट वाटतं, पण खरं ते असं की त्या क्षणीही टाकीमास्तरांच्या मनात पहिलं आलं ते हेच, की चूक कबूल करायचा मोठेपणाही यानेच घ्यावा!

बहिणी-बहिणी प्राध्यापकांच्या गाडीतून पुढे गेल्या. लेक म्हणाली, मी बाबांबरोबर चालत येते. दोघं डेपोच्या भिंतीकडेने चालू लागली. ऊन उतरलं होतं.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हतात ना?"

टाकीमास्तर चालत राहिले.

"अगं, तू तो आकडा घेणार आहेस हे मला ठाऊकच नव्हतं. शपथ. तुझ्यासाठी नव्हता तो."

"कळलं मला ते," लेक म्हणाली. "तिथे उभ्या उभ्याच कळलं."

कुणासाठी होता, हे तिने विचारलं नाही. चौकात रस्ता ओलांडताना सवयीने तिने त्यांचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

"काकांना मात्र सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना खरंच वाटतंय, तुम्ही विसरलात."